टॉटनेस : कॉफीवरून भांडलेलं गाव

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून प्लिमथकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की साधारण तीन तासांत टॉटनेस येतं. जाताना डाव्या बाजूची खिडकी मिळाली तर उत्तम. एक्सटर सुटलं की आधी एक्स नदीची रुंद खाडी लागते आणि मग डॉलिशपाशी गाडी इतकी समुद्राला खेटून धावते, की भरतीच्या वेळी लाटांचे शिंतोडे काचेवर येतात. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात इथली भिंत वाहून गेली होती आणि रूळ अधांतरी लोंबकळत होते. त्याचे फोटो तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. हा मार्ग ब्रुनेल या प्रसिद्ध अभियंत्यानं आखलेला. त्यानं बांधलेल्या एका इंजिनघराची इमारत टॉटनेस स्टेशनला लागून अजून उभी आहे.

मे महिन्याच्या हाफ टर्मच्या सुट्टीत आम्ही तिथे गेलो, तेव्हा सासूबाई साताऱ्याहून आलेल्या होत्या. किल्ले, राजवाडे, लंडनचं घड्याळ हे सगळं त्यांचं आधीच्या दोन फेऱ्यांत बघून झालं होतं. ‘‘या वेळी एखादं साधं गाव दाखव गं, जिथे माणसं नुसती राहतात,’’ असं त्या म्हणाल्या. टॉटनेसला साधं म्हणावं की नाही, हा वादाचा विषय आहे. पण माणसं तिथे राहतात हे खरं, आणि आपल्या गावात काय असावं नि काय नसावं याबद्दल त्यांची मतं फार ठाम असतात.

डेव्हन परगण्यात, डार्ट नदीची खाडी जिथे संपते तिथे हे जेमतेम आठ हजार वस्तीचं गाव आहे. नदीवरच्या पुलापासून एकच मुख्य रस्ता वर चढत जातो. खाली त्याचं नाव फोर स्ट्रीट, वर गेल्यावर हाय स्ट्रीट. मधोमध रस्त्यावर एक कमान आहे, तिच्यावर घड्याळ. ही जुन्या तटबंदीची पूर्वेकडची वेस. १९९० मध्ये ती आगीत जळाली, तेव्हा गावानं ती पुन्हा होती तशी उभी केली. त्याही वर गेलं की बटरवॉक लागतो. घरांचे वरचे मजले खांबांवर पुढे आलेले आणि खाली आपल्याकडच्या पडवीसारखी सावली. पूर्वी इथे लोणी, दूधदुभतं विकायला बसत. ते उन्हानं वितळू नये म्हणून ही सोय. आणि सगळ्यांच्या डोक्यावर, एका गोल टेकाडावर, नॉर्मन राजवटीतला छोटासा किल्ला.

फोर स्ट्रीटच्या कडेला फरशीत बसवलेला एक दगड आहे. ट्रॉयचा ब्रूटस जहाजातून उतरला आणि त्यानं ब्रिटनच्या भूमीवर पहिलं पाऊल ठेवलं ते याच दगडावर, अशी दंतकथा आहे. म्हणजे गावाच्या स्वतःच्याच गोष्टीप्रमाणे इथला पहिला माणूस बाहेरून आलेला! गाव थट्टेखोरही आहे. फ्रान्समधलं वीर हे टॉटनेसचं अधिकृत जुळं गाव. पण वेशीवरच्या पाटीवर कुणीतरी ‘नार्नियाचं जुळं गाव’ असंही रंगवून ठेवलं होतं.

आता कॉफीकडे वळू. २०१२ मध्ये कोस्टा या साखळी कंपनीनं टॉटनेसच्या भर बाजारात आपलं कॉफीचं दुकान काढायचं ठरवलं. या देशात आपण कोस्टाच्या तांबड्या पाट्या रेल्वे स्टेशनवर, इस्पितळात, पेट्रोल पंपावर रोज बघतो. तिच्यावरून कुणी भांडेल असं वाटत नाही. पण गावात तेव्हा कॉफी मिळणारी चाळीसच्या आसपास ठिकाणं होती आणि ती सगळी स्थानिक माणसांची, एकेकट्या मालकीची. ‘आम्हाला आणखी एक नको, आणि हे तर नकोच,’ म्हणत लोक उभे राहिले. दुकानांच्या काचांवर फलक लागले, सह्यांची मोहीम निघाली. आठ हजारांच्या गावात पाच हजारांहून अधिक सह्या जमल्या. आजूबाजूच्या खेड्यांतल्या लोकांनीही सह्या केल्या असणार, पण तरी हा आकडा लहान नाही.

हे एवढं का पेटलं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. २००५ मध्ये न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन या संस्थेनं ब्रिटनमधल्या बाजारपेठांची पाहणी केली होती. ज्या गावाचा मुख्य रस्ता इतर कुठल्याही गावाच्या रस्त्यासारखाच दिसतो, त्याच त्या कंपन्यांच्या त्याच त्या पाट्या, अशा गावांना त्यांनी ‘क्लोन टाउन’ म्हटलं. त्या यादीत सगळ्यात वर होतं एक्सटर, टॉटनेसच्या अलीकडचं मोठं शहर. आपलंही तसंच होईल ही भीती म्हणजे त्यांच्यासाठी दूरची गोष्ट नव्हती; अर्ध्या तासाच्या अंतरावर ती डोळ्यांसमोर होती. त्यानंतर २००६ मध्ये टॉटनेसमध्ये ‘ट्रान्झिशन टाउन’ चळवळ सुरू झाली. तेल कमी जाळावं, अन्न जवळचं खावं, पैसा गावात फिरता ठेवावा, असा तिचा साधारण सूर. २००७ मध्ये त्यांनी चक्क ‘टॉटनेस पाउंड’ नावाची नोट काढली. ती फक्त गावातल्या दुकानांतच चाले. भाजीवाल्यानं घेतली की त्यानं ती पाववाल्याकडे खर्चायची, पाववाल्यानं सुताराकडे. लोक रोख पैसे वापरेनासे झाले, तेव्हा २०१९ मध्ये ही नोट बंद झाली. पण त्यामागचा हिशेब कुठल्याही गृहिणीला कळेल असा आहे : घरात आलेला रुपया घरातल्या किती जणांच्या हातून फिरला आणि कधी बाहेर गेला.

विरोधकांचं मुख्य म्हणणं तेच होतं. शिवाय भाड्याचा प्रश्न होता. मोठी कंपनी जास्त भाडं देऊ शकते. एकानं दिलं की शेजारचा घरमालकही तेवढंच मागायला लागतो, आणि मग पुस्तकवाला, चांभार, वाणी हे एकेक करून उठतात.

आणि दुसरी बाजू? तीही पोकळ नाही. रिकाम्या गाळ्यापेक्षा चालतं दुकान बरं. चार पोरापोरींना काम मिळतं. साखळी दुकानात बाबागाडी आत नेता येते, स्वच्छतागृह असतं, किंमत आधी माहीत असते. तासभर बसलं तरी कुणी काही म्हणत नाही. ‘ज्यांना महागडी सेंद्रिय कॉफी परवडते त्यांनीच ठरवायचं का, बाकीच्यांनी काय प्यायचं ते?’ हा प्रश्न असल्या प्रत्येक वादात कुणीतरी विचारतंच, आणि तो विचारायलाच हवा. या देशात नवे असताना आपणही कुठे शिरायचो, आठवून बघा. पाटीवर सगळं लिहिलेलं, शाकाहारी पदार्थाला हिरवं पान काढलेलं, बोट दाखवून मागता येतं, आणि आपल्या उच्चाराकडे कुणी कान टवकारत नाही. माझे इथले पहिले सहा महिने अशाच साखळी दुकानांतल्या कोपऱ्यातल्या टेबलांनी सांभाळले. त्या टेबलांना मी नावं ठेवणार नाही.

टॉटनेसमध्ये मात्र वेगळं घडलं. कमानीच्या वरच्या अंगाला एका छोट्या खाणावळीत आम्ही सूप मागवलं. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे ‘‘यात काय काय आहे, विचार,’’ म्हटलं. मी विचारल्यावर मालकीणबाई स्वतः हात पुसत बाहेर आल्या. मसूर, सेलरी, गाजर, भाज्या उकळून काढलेलं पाणी, असं सगळं सांगून वर ‘‘मसूर तुम्हीही करता ना?’’ असं विचारलं. मग दहा मिनिटं फोडणी या विषयावर दुभाषी म्हणून माझं काम चाललं. सासूबाईंना सूप बेताचंच आवडलं, पण बाई फार आवडल्या.

पुन्हा वादाकडे येते. या देशात दुकानाचं उपाहारगृह करायचं, तर तेव्हा जागेच्या वापरातल्या बदलासाठी परवानगी लागे. आपल्या भागातही रस्त्यातल्या खांबाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद बांधलेला दिसतो, तो त्याचाच. एकवीस दिवसांत कुणालाही हरकत नोंदवता येते. पण हरकत कशावर घ्यायची याला मर्यादा आहेत. रहदारी, आवाज, स्वयंपाकाचा वास, जुन्या वास्तूला धक्का, अशा गोष्टी चालतात. ‘माझं गिऱ्हाईक जाईल’ हे चालत नाही, आणि ‘अर्ज करणारा मला पसंत नाही’ हे तर नाहीच. टॉटनेसच्या नगर परिषदेचा विरोध होता. पण निर्णय साऊथ हॅम्स जिल्हा परिषदेचा, आणि तिनं ऑगस्ट २०१२ मध्ये परवानगी दिली. कॅफे म्हणजे कॅफे. तो कुणाचा, हे कायद्याला विचारता येत नाही.

अनेकांना हा कायद्याचा आंधळेपणा वाटला. मला इथे थांबून विचार करावासा वाटतो, कारण तो आंधळेपणा आपल्या कामाचा आहे. ब्रिटनच्या लहान लहान गावांत ‘इंडियन’ पाट्या लावून जी उपाहारगृहं उभी राहिली, त्यांतली बहुतेक बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेल्या कुटुंबांची. त्यांच्याही अर्जांचे कागद असेच खांबांवर लागत आले आहेत. तिथे अधिकाऱ्याला ‘हा कोण, कुठला’ असं विचारायची मुभा असती, तर किती अर्ज मंजूर झाले असते? आणि आपण तरी काय वेगळे? साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत उडुपी हॉटेलांविरुद्ध झालेली आंदोलनं आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असतील. तिथेही शब्द ‘स्थानिक’ हाच होता. आज मुंबईकराची सकाळ उडुप्याच्या इडली-वड्याशिवाय सुरू होत नाही. कोस्टाचंच बघा : १९७१ मध्ये लंडनमध्ये ती सुरू करणारे सर्जियो आणि ब्रूनो कोस्टा हे इटलीहून आलेले दोघे भाऊ. तेही बाहेरचेच, आणि तेव्हा त्यांचाही धंदा लहानच होता. पुढे १९९५ मध्ये तो व्हिटब्रेडकडे आणि २०१९ मध्ये कोका-कोलाकडे गेला.

म्हणून टॉटनेसचं मला कौतुक वाटतं ते पुढच्या भागासाठी. परवानगी मिळाली, कायद्याच्या वाटा संपल्या. तरी लोक बोलत राहिले. तुम्ही आलात तरी आम्ही तुमच्याकडे येणार नाही, हे त्यांनी कंपनीला पटवलं. गावातल्या भावना इतक्या तीव्र आहेत हे लक्षात घेऊन आपण बेत सोडत आहोत, असं कंपनीनं ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर केलं. परवानगी हातात असून ती आली नाही. दार कायद्यानं बंद केलं नाही. गिऱ्हाइकांनी आधीच सांगून ठेवलं, एवढंच. ‘बाहेरच्यांना येऊ देऊ नका’ आणि ‘आमचे पैसे आम्ही कुठे खर्चायचे ते आम्ही ठरवू’ या दोन वाक्यांत बरंच अंतर आहे, आणि परदेशात राहणाऱ्या माणसानं ते नीट मोजून घ्यावं. १ सप्टेंबर २०२० पासून तर इंग्लंडमध्ये दुकान आणि कॅफे एकाच वर्गात मोडतात, त्यामुळे साध्या बदलाला आता परवानगीही लागत नाही. गावाच्या हातात गिऱ्हाईकपणच उरलं आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही डार्टिंग्टनला गेलो. नदीकाठच्या वाटेनं दोनेक मैल चालत जाता येतं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला वाडा, मोठं सभागृह, उतरत्या बागा. लेनर्ड एल्महर्स्ट हा तरुण शेतीशास्त्रज्ञ रवींद्रनाथ ठाकुरांच्या बोलावण्यावरून बंगालमध्ये गेला, १९२२ मध्ये श्रीनिकेतनचं ग्रामोद्धाराचं काम त्यानं सुरू करून दिलं, आणि परत आल्यावर १९२५ मध्ये पत्नी डोरोथीसह ही उजाड झालेली जागीर घेतली. खेडं आपल्या पायावर कसं उभं राहील, हा बोलपूरजवळ घेतलेला धडा त्यानं डेव्हनमध्ये गिरवला. रवींद्रनाथही इथे येऊन राहिले होते. गाव राखण्याचा विचार इथे थोडा आपल्याकडूनही आला आहे, हे सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘मग साताऱ्यालाही परत पाठवा म्हणावं थोडा.’’

जायचं असेल तर शुक्रवार किंवा शनिवार निवडा, तेव्हा बाजार भरतो. उन्हाळ्यात डार्ट नदीतून डार्टमथपर्यंत बोट जाते आणि मुलांसाठी बकफास्टलीची वाफेवरची आगगाडी आहे. चढ बराच आहे, वडीलधाऱ्यांना कमानीपाशी बसवून पुढे जावं. स्कोनवर डेव्हनमध्ये आधी साय लावतात, मग जॅम. कॉर्नवॉलची पद्धत उलटी, त्यामुळे तो विषय काढू नका. आणि गाव साखळी दुकानांपासून अगदी सोवळं आहे असंही समजू नका. खाली मॉरिसन्सचं मोठं दुकान आहे आणि तिथेही लोक पिशव्या भरून घेतातच. कुठे हट्ट धरायचा आणि कुठे सोडायचा, हे प्रत्येक घर जसं ठरवतं, तसं त्या गावानंही ठरवलं आहे.