वजाबाकीपलीकडचे ऋण

पन्नाशीला टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरची हृदयचाचणी, करायला सांगितली तेव्हा हृदयगतीबद्दल मला काहीच ठाऊक नव्हते. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढत होता. उद्दिष्ट 145 ठोक्यांचे होते: 220 वजा वय म्हणजे कमाल हृदयगती 170, त्याचे 85 टक्के. नाडी 140 वर असताना पाय थकले आणि मी थांबले. अहवालात आले, उद्दिष्ट गाठले नाही, निष्कर्ष देता येत नाही. मला वाटले, आपले हृदयच दुबळे. जिना चढायचीही भीती बसली.

ज्या हृदयरोगतज्ज्ञ बाईंकडे मी नंतर गेले, त्यांचे उपकार मोठे आहेत. त्यांनी आणखी तपासण्या केल्या, हृदय ठीक असल्याची खात्री केली आणि मग तो आकडा कुठून येतो ते शांतपणे सांगितले. 1971 मध्ये फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांनी इतरांच्या अभ्यासांतली माहिती एकत्र मांडली आणि त्यातून हा ढोबळ अंदाज निघाला. 2001 मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी 351 अभ्यास तपासून 208 वजा वयाच्या 0.7 पट हे सूत्र दिले. चाळिशीला दोन्ही सूत्रांचे उत्तर 180 च येते, पुढे मात्र फरक वाढत जातो.

त्यानंतर त्यांनी मार्था गुलाटी यांचे नाव घेतले. शिकागो परिसरातल्या, हृदयविकाराची लक्षणे नसलेल्या 5437 स्त्रियांच्या चाचण्यांवरून 2010 मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी वेगळे सूत्र मांडले: 206 वजा वयाच्या 0.88 पट. माझ्या वयाला ते 162 येते आणि त्याचे 85 टक्के 138. मी 140 पर्यंत गेले होते! त्या क्षणी मनावरचे ओझे उतरले. दमेपर्यंत पट्ट्यावर चाललेल्या त्या अनोळखी स्त्रियांची मी आजही ऋणी आहे. त्यांच्या श्रमांमुळे माझ्यासारखीला स्वतःच्या मापाने मोजले जाणे शक्य झाले.

तरी बाईंनी मला नव्या आकड्यावरही विसंबू दिले नाही. एकाच वयाच्या निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, हे त्यांनी बजावले. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची 6 ते 20 अशी श्रमाची मोजपट्टी त्यांनीच शिकवली. दम किती लागतो, पाय किती भरून येतात, हे ध्यानात घेऊन श्रमाला आपणच अंक द्यायचा. 13 म्हणजे थोडे कष्टाचे. टेकडी मी याच बेताने चढते, बोलता येईल इतका श्वास राखून. घड्याळातला आकडा नंतर बघते.

मैत्रिणींनो, रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर यातले कुठलेच सूत्र तुम्हांला जसेच्या तसे लागू नाही. ती गोळी ठोके कमीच ठेवते. व्यायामाची मर्यादा आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.