बोर्डोचं पाणी

माणसाला कशाचा नाद लागेल याचा नेम नाही. नारायणगावात राहणाऱ्याला तमाशाचा लागला तर समजू शकतं. फडमालकांच्या राहुट्या समोरच पडतात. मला लागला फ्रेंच वाईनचा. पगार कारकुनाचा आणि नाद नबाबाचा! त्यामुळे वर्षाला दोन-तीन बाटल्या, त्याही साडूभाऊंच्या कृपेने. ते कंपनीच्या कामाने फ्रान्सला जातात आणि येताना मेव्हणीबाईंना अत्तर आणतात, मला वाईन. वास दोन्हींचा घ्यायचा असतो, पण माझी बाटली नंतर पिताही येते.

मी पडलो बी.कॉम. प्रत्येक बाटलीची वहीत नोंद ठेवतो. नाकाला जाणवतो तो ओपनिंग बॅलन्स, घोट गिळल्यावर जिभेवर रेंगाळतो तो क्लोजिंग बॅलन्स. मधल्या व्यवहाराला मात्र शब्द सापडत नाहीत. पुस्तकं म्हणतात ब्लॅककरंट, सीडरचं लाकूड, सिगारची पेटी. आता ब्लॅककरंट मी फक्त आइस्क्रीमच्या पाटीवर वाचलंय आणि सिगारची पेटी हिंदी सिनेमातल्या खलनायकाच्या टेबलावर पाहिलीय. शेवटी मी आपले घरचे शब्द घातले. करवंद. जांभूळ. वळवाची माती. आणि जीभ आवळून धरणारं ते जे टॅनिन, त्यापुढे सरळ ‘हिरडा’. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरात, भीमाशंकरच्या अंगाला, लोक हिरडा गोळा करून विकतात. शब्द शास्त्रालाही धरून आहे. हिरड्यात टॅनिनच असतं, म्हणून तर तो कातडी कमवायला वापरतात.

फ्रेंचांची मला सगळ्यात आवडते ती सीनिऑरिटी लिस्ट. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी त्यांनी बोर्दोच्या तांबड्या वाईनची पाच श्रेणींत यादी लावली. त्यानंतर दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत गेलं एकच नाव, शातो मूतों रोथशील्ड, तेही 1973 साली. एकशे अठरा वर्षांत एक बढती! आमच्या युनियनने ही यादी पाहिली तर बँकेचे पाय धुऊन तीर्थ घेईल.

तर अशाच एका बोर्दोच्या बाटलीच्या वेळी वारूळवाडीचे तात्या आले. तात्या आमच्या शाखेचे जुने खातेदार आणि हाडाचे द्राक्षवाले. (माळकरी नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.) आमच्या भागाला वाईन नवी नाही. इथे 1980 च्या दशकात पायपर-हाइडसिक या फ्रेंच शॅम्पेनवाल्यांच्या तांत्रिक मदतीने फेसाळ वाईन तयार झाली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशी गेली. पुढे 2001 मध्ये सरकारने वाईनचं धोरण आणलं, तेव्हा तात्यांनीही दोन एकर कॅबर्ने लावली. 2008-09 च्या मंदीत मागणी आटली, तशी त्यांनी ती बाग काढून जंबो लावली.

साडूभाऊंनी लेबल वाचलं, "बोर्दो."

तात्या दचकले. "बोर्डो? ते प्यायचं?"

द्राक्षवाल्याला बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. डावणी आली की फवारायचा. साडूभाऊंना हे ठाऊक नव्हतं. मग मीच सांगितलं की तात्यांचं खरं आहे, औषध त्याच गावचं. तिकडचे बागवाले वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर निळं-हिरवं काहीतरी शिंपडत. 1882 मध्ये मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आलं की तेवढ्याच वेलींवर डावणी नाही. 1885 मध्ये त्याने औषध जाहीर केलं.

"म्हंजी द्राक्षचोरांचं उपकारच की!" तात्या खूश झाले. त्यांची बाग पुणे-नाशिक रस्त्याला लागून आहे.

मग त्यांनी घोट घेतला. ना पेला फिरवला, ना वास घेतला. डोळे मिटून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "पाणी कमी पाजलंय याला."

साडूभाऊ माझ्याकडे बघायला लागले. बोर्दोच्या नामांकित बागांना पाणी द्यायला एरवी बंदीच असते, सगळं पावसावर.

"ह्यात कॅबर्ने हाय का, पाव्हणं?"

"बरीचशी तीच."

तात्यांनी पेला दिव्यासमोर धरला. "आठ वर्सं पिकवली. बारका मणी, जाड साल, आत नुसतं बी. पोरंसुद्धा तोंडात घालीत न्हवती. गाडीत भरून द्यायचो, वजन घ्यायचो, घरी यायचो. म्हटलं, हे कुणाला गोड लागत आसंल?" पुन्हा एक घोट घेतला. "कुणी चाखवलीच न्हाई ओ कधी."

दोन एकरांत एक बाटली कशी आली नाही, हा हिशेब माझ्या बी.कॉम.ला सुटला नाही. बायकोने आतून भजी पाठवली होती, ती कुणी उचलेना. मी वही पुढे ओढून विचारलं, "तात्या, चवीच्या रकान्यात काय लिहू?"

"लिवा, साल चांगली पिकलीय." मग साडूभाऊंकडे वळून त्यांनी विचारलं, "पाव्हणं, औंदा डावणी कशी काय हाय तिकडं?"