शोरीलमधून गळालेल्या नऊ सेकंदांबद्दल

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं नाव इथे लिहीत नाही. पत्र छापून येणार आहे, आणि तुझ्यासारखी मुलंमुली आता मुंबई-पुण्याइतकीच नाशिक-कोल्हापुरातही अ‍ॅनिमेशन शिकतायत. त्यातल्या प्रत्येकाला हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटलं, तर चांगलंच.

तुमच्या संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनात मोठ्या पडद्यावर तुझं शोरील चालू होतं. चिलखत घातलेला यंत्रमानव, हातात तलवार, मागे जळणारं शहर. काम सफाईदार आहे. धूर धुरासारखा दिसतो, लोखंड लोखंडासारखं. पण कोपऱ्यात, वायरींच्या गुंत्याशेजारी, एका जुन्या मॉनिटरवर तुझे सरावाचे तुकडे फिरत होते आणि मी तिथेच रेंगाळलो. त्यातले नऊ सेकंद तू शोरीलमध्ये घेतलेले नाहीस. का, असं विचारलं तर म्हणालीस, ‘‘ते फिनिश नाहीये, सर. आणि स्टुडिओवाल्यांना फार लोकल वाटेल.’’

या उत्तराशी मला भांडायचंय.

एसटीत चढणारी म्हातारी, एवढाच त्या नऊ सेकंदांचा विषय. आधी तिची पिशवी वर जाते. मग डावा हात दांडीवर. मग ती थांबते. पायरी किती उंच आहे याचा हिशेब तिचे गुडघे करतायत, हे त्या थांबण्यात कळतं. उजव्या हाताने निऱ्या जरा वर धरते, एक पाय टाकते, दुसरा त्याच पायरीवर आणून टेकवते, मग पुन्हा पहिला. वर पोचल्यावर पिशवी उचलायच्या आधी कमरेचा बटवा चाचपते. हे शेवटचं तुला कुणी शिकवलं नसणार. ते तू स्टँडवर बसून पाहिलेलं आहेस.

अ‍ॅनिमेशनबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. सिनेमाचा एक सेकंद म्हणजे 24 चौकटी. एक चित्र दोन चौकटी टिकवायचं ठरवलं, तरी सेकंदाला 12 चित्रं लागतात आणि मिनिटाला 720. तुझी म्हातारी बसमध्ये चढली ती शंभरावर चित्रं काढून. ती थांबते तिथेही तू एकच चित्र ताणलेलं नाहीस. तीन-चार जवळजवळ सारखी चित्रं फिरवली आहेस, त्यामुळे रेष किंचित थरथरते आणि बाई उभ्या जागी श्वास घेत राहते. मॉनिटरसमोर तुझे एक शिक्षक त्या थरथरीला ‘जिटर’ म्हणाले आणि ती साफ करायला हवी, असंही म्हणाले. माझं मत विचारशील तर हात लावू नकोस.

तुम्हाला चालणं शिकवतात ते बहुतेक प्रेस्टन ब्लेअर किंवा रिचर्ड विल्यम्स यांच्या पुस्तकांवरून. टाच टेकते, शरीर खाली जातं, पाय एकमेकांना ओलांडतात, शरीर वर उचललं जातं, की पुन्हा टाच. पुस्तकं उत्तम आहेत, त्यांना पर्याय नाही. पण त्यातला माणूस बुटात चालतो. चपलेतला पाय वेगळा चालतो. अंगठा पट्ट्याला धरून ठेवतो आणि तळवा मागे फटफटत येतो. नऊवारीच्या काष्ट्यातली बाई जी ढांग टाकते ती सहावारीत टाकता येत नाही. डोक्यावर हंडा असलेल्या बाईने तर पुस्तकातला नियमच मोडून टाकलेला आहे. पुस्तकातलं डोकं प्रत्येक पावलाला वर-खाली होतं. तिचं डोकं सरळ रेषेत पुढे सरकतं, आणि वर-खाली होण्याचं सगळं काम गुडघे आणि कंबर मिळून करतात. या चालींचे तक्ते कुठल्या पुस्तकात तयार मिळत नाहीत. ते तुमच्या पिढीलाच काढावे लागतील, आणि तू एक काढून बसली आहेस हे तुझ्या लक्षातच आलेलं नाही. तुझा यंत्रमानव मी आधी पाहिलाय. या ना त्या खेळात, या ना त्या जाहिरातीत सगळ्यांनीच पाहिलाय. म्हातारी पाहिली नव्हती.

आता दुसऱ्या तुकड्याकडे येतो. खालून उजेड सोडलेल्या काचेवर रांगोळी पसरून तू बोटाने चित्रं ओढलीस. पांढरी रांगोळी अशा उजेडात काळी दिसते, आणि जिथे बोट फिरतं तिथून प्रकाश फुटतो. यात परत फिरायची सोय नाही. पुढचं चित्र काढायचं तर आधीचं मोडावंच लागतं. भर मे महिन्यात पंखा बंद करून खोलीत बसावं लागलं, असं तू हसत सांगितलंस. पण वहीत या तुकड्याखाली ‘टाइमपास’ असं लिहून ठेवलेलं दिसलं.

कॅरोलिन लीफ हे नाव शोध. हार्वर्डमध्ये शिकत असताना वर्गातल्या कामासाठी तिने प्रकाशपेटीवर वाळू पसरली आणि पीटर आणि लांडग्याची गोष्ट हलवून दाखवली. ती फिल्म 1969ची. पुढे कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात तिने काचेवर ओला रंग सरकवत ‘द स्ट्रीट’ केली, 1976 साली, आणि ती ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली. त्याच फिल्म बोर्डात आपल्या अहमदाबादच्या एनआयडीतून गेलेल्या ईशू पटेल यांनी 1977मध्ये नुसते मणी सरकवून ‘बीड गेम’ केली, तिलाही नामांकन मिळालं. वाळू, ओला रंग, मणी. तुझी रांगोळी यांच्याच घरातली आहे. आणि जमलं तर एकदा कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन ये. तिथले ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या मागे दिवा ठेवून सावल्यांचे खेळ करतात, आणि चित्रकथीच्या पोथीतलं एकेक चित्र समोर धरत गोष्ट गातात. एक चित्र बाजूला होऊन दुसरं येतं, त्या मधल्या क्षणात गाणारा काय करतो, ते नीट बघ. तुमच्या भाषेत तो एडिट आहे.

तिसऱ्या तुकड्याबद्दल बोलायला मी खरा उतावीळ आहे. एसटीच्या मशीनमधून निघालेल्या तिकिटांवर तू शाईने चित्रं काढलीस, प्रत्येक तिकीट म्हणजे एक चौकट. शूटिंगला लावलेला दिवा तापला आणि तो उष्णतेने छापणारा कागद कडेकडेने काळा पडत गेला. दुसरी एखादी मुलगी नवी तिकिटं घेऊन पहिल्यापासून बसली असती. तू काळेपणा वाढू दिलास. बस घाटात शिरते आणि अंधार कागदातूनच उगवतो. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ही गोष्ट तुला सुचली नसती, कारण तिथे दिवा तापत नाही.

तर हे तिन्ही तुकडे शोरीलबाहेर, आणि तलवारवाला आत.

तुझी अडचण मला कळत नाही असं समजू नकोस. फी भरलेली आहे, घरी ‘कार्टून काढून पोट भरतं का’ हा प्रश्न अजून मिटलेला नाही, आणि नोकऱ्या आहेत त्या बऱ्याचशा बाहेरच्या कामाच्या. कुणाच्या तरी चित्रपटातली वायर पुसायची, कुणाच्या तरी राक्षसाचे केस हलवायचे. त्या कामात कमीपणा नाही. पण त्यात पक्कं असं काही आहे, ही समजूत काढून टाक. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीच्या शाखा मुंबई आणि हैदराबादलाही होत्या. 2013च्या फेब्रुवारीत त्या वाघाला ऑस्कर मिळालं, आणि त्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. शिवाय सफाईदार धूर आणि चकचकीत लोखंड आता यंत्रं स्वतःच काढू लागली आहेत, हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. बटवा चाचपणारी बाई त्यांना कुणीतरी आधी पाहून द्यावी लागेल.

आपल्याकडे हे काम पाहण्यातूनच सुरू झालेलं आहे. दादासाहेब फाळके सिनेमा शिकत होते तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून रोप उगवताना दाखवलं. पैसे घालणाऱ्यांना पटवायला त्यांनी हा तुकडा वापरला. म्हणजे तेव्हाचं शोरीलच की ते, आणि त्यात काय होतं तर वाटाणा! पुढे 1915मध्ये त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या एकेक चौकट सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ केली. नव्वदेक वर्षांनी जे. जे.मध्ये शिकलेल्या गीतांजली राव यांनी एकटीने हाताने रंगवून ‘प्रिंटेड रेनबो’ केली. एक एकाकी म्हातारी, तिची मांजर, आणि काड्यापेट्यांवरची रंगीत चित्रं. 2006 साली कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये ती गौरवली गेली. कान म्हणजे फ्रान्स, आणि काड्यापेटी आपल्या पानाच्या गादीवरची. ‘लोकल’बद्दल मला इतकंच म्हणायचंय.

दूरदर्शनवरची ‘एक अनेक और एकता’ तुझ्या आईला पाठ असेल. विजया मुळे यांनी 1974मध्ये केलेल्या त्या फिल्मचं चित्रांकन भीमसेन यांचं, संगीत वसंत देसाईंचं आणि गाणारा आवाज लहानग्या साधना सरगमचा. सात-आठ मिनिटांचा शैक्षणिक तुकडा. त्यातली पात्रं आजच्या मापाने ‘फिनिश’ म्हणता येणार नाहीत. आईला विचारून बघ, त्यातलं तिला काय खटकलं होतं.

आणि फिनिशचीच काळजी असेल तर निक पार्कचं उदाहरण घे. ‘अ ग्रँड डे आउट’ त्याने 1982मध्ये विद्यार्थी असताना सुरू केली. मातीचे बाहुले, एकट्याचं काम. फिल्म पुरी व्हायला 1989 उजाडलं. मधल्या काळात कॉलेज संपलं, नोकरी लागली, तरी ती त्याने सोडली नाही. मला तुझ्याकडून सात वर्षं नकोत. तिकिटांची फिल्म घाटात थांबली आहे, ती पलीकडे उतरव. माझ्या अंदाजाने चाळीसेक सेकंद उरलेत. आवाज अजून नाही, तर तो स्टुडिओच्या लायब्ररीतून उचलू नकोस. कंडक्टरच्या डबल बेलचा, पत्रा थरथरण्याचा आणि तिकीट मशीनच्या कर्रकर्रचा आवाज फोनवर धरायला एक फेरी पुरेल. त्या फेरीची तिकिटंही कामाला येतील.

शोरीलमध्ये पहिली म्हातारी ठेव. तलवारवाला शेवटी राहू दे, तोही तुझ्याच मेहनतीचा आहे. एखादा स्टुडिओ पहिल्या नऊ सेकंदांत कंटाळला, तर तिथे तुला काय काम मिळालं असतं याचा अंदाज तुलाही येईल.

कळावे,
तुझा एक प्रेक्षक

ता. क. ‘आगकाड्यांची मौज’ आज पाहायला मिळत नाही, रीळच उरलेलं नाही. तेव्हा मूळ तिकिटांचं स्कॅनिंग या आठवड्यातच उरकून घे, चांगल्या रेझोल्यूशनमध्ये, आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेव. तो कागद उन्हात उडतो, आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला तरी छपाई पुसट होत जाते. साध्या कागदाच्या लिफाफ्यात, अंधाऱ्या कपाटात ठेव. लिफाफ्यावर क्रमांक टाकायला विसरू नकोस. परवा मॉनिटरवर दोन चौकटी उलटसुलट लागल्या होत्या आणि बस क्षणभर मागे गेली.