दिवेघाटातली माउली

कॅमेरा गळ्यात होता. धीर मात्र घरीच राहिला होता! २०२३ च्या आषाढी वारीत ज्ञानोबांच्या पालखीबरोबर मी पुण्याहून सासवडकडे दिवेघाट चढत होतो. अनोळखी माणसासमोर भिंग रोखायचे म्हणजे चोरी केल्यासारखे वाटे. म्हणून तासभर नुसत्या पताका टिपल्या आणि माणसांच्या पाठी.

अखेर डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका म्हातारीनेच मला हटकले, "काय रं माउली, आमची तोंडं वाईट हायती व्हय?"

मी ओशाळलो. "माउली, काढू का फोटो?" ती पदर सावरून हसत उभी राहिली.

पुढे तोच क्रम ठेवला : आधी 'माउली' म्हणायचे, मग भिंग उचलायचे. एका वारकऱ्याने हातानेच नको म्हटले. मी मुकाट्याने कॅमेरा खाली घेतला, रामराम केला. धीर म्हणतात तो बहुधा यालाच!