संत्र्यांच्या हिशेबात ब्राझील

शाळामास्तराच्या घरी परदेशप्रवासाचे अंदाजपत्रक वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले जाते. पुढची पाने किराणा, दूध आणि विजेच्या बिलांनी आधीच व्यापलेली असतात. या वर्षी आमच्या वहीच्या त्या पानावर ‘ब्राझील’ असे शीर्षक पडले आहे. जावईबापूंच्या नोकरीमुळे कन्या दोन वर्षांपासून साओ पावलो येथे राहते आणि येत्या मे महिन्यात तिचे पहिले बाळंतपण आहे. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा आपला रिवाज. परंतु दिवस भरत आलेल्या स्त्रीला विमान कंपन्या घेत नाहीत. तेव्हा लेक माहेरी येऊ शकत नसेल, तर माहेरानेच उठून तिच्याकडे जावे, असे आमच्या सौभाग्यवतींनी ठरविले. खर्चाचा मेळ घालणे तेवढे आमच्याकडे आले.

आमच्या शेजारच्या वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे देशोदेशी भटकत १९२४ साली मेक्सिकोस पोहोचले. त्यांनी निघताना अंदाजपत्रक केले असेल, असे वाटत नाही. आम्हाला मात्र ते केल्यावाचून गत्यंतर नव्हते. भारतातून दक्षिण अमेरिकेला थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा अदिस अबाबा येथे उतरून दुसरे विमान धरावे लागते. युरोपातून जावे, तर काही देश नुसते विमान बदलण्यासाठीही व्हिसा मागतात. एका माणसाचे जाण्यायेण्याचे भाडे आम्हाला १,३५,००० रुपये सांगण्यात आले, दोघांचे २,७०,०००. दोन पासपोर्टांचे ३,०००. व्हिसा, विमा आणि लस मिळून ३७,०००. मुंबईच्या खेपा व बाळंतविडा यांसाठी २०,०००. हाती असावेत म्हणून ३०,०००. तिकडचे चलन रेआल, सोळा रुपयांच्या आसपास एक, म्हणजे जेमतेम पावणेदोन-दोन हजार रेआल. एकूण बेरीज ३,६०,०००.

यांतील लसीची बाब वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पीतज्वराची लस आम्हाला ब्राझीलला जाण्यासाठी नव्हे, तर परत येण्यासाठी लागणार आहे! आपल्या देशात हा रोग नाही. पण तो पसरविणारा एडिस डास मात्र घरोघरी आहे. एक रोगी आला, तर पुढचे काम डास चोख करील, या भीतीने आपले सरकार त्या देशांतून येणाऱ्यांकडे लसीचा दाखला मागते. दाखला नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाते. लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी लागते, ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि २०१६ पासून तिचा दाखला जन्मभर चालतो. पिवळ्या रंगाची ती पुस्तिका सौभाग्यवतींनी मंगळसूत्राच्या डबीत ठेवण्याचे आतापासूनच योजिले आहे.

आता जमेची बाजू. सौंसर तालुक्यात आमची वडिलोपार्जित दीडशे संत्र्यांची झाडे आहेत. मृग बहाराची फळे झाडावर असतानाच व्यापाऱ्याला उक्ती दिली, १,८०,००० आले. शिलकीतले ६०,०००. उरलेल्या १,२०,००० साठी भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम काढण्याचा अर्ज आम्ही लिहून ठेवला.

गंमत अशी, की संत्री विकून आम्ही ज्या देशाला निघालो, तो संत्र्यांच्या उत्पादनात जगात पहिला, आणि त्यातही साओ पावलो राज्य अग्रेसर. तेथील फळ घट्ट सालीचे, आपल्या मोसंबीच्या कुळातले. बहुतेक कारखान्यात जाऊन त्याचा रस होतो आणि तो आटवून, गोठवून परदेशी जातो. आपले संत्रे हाताने सोलून खाण्याचे. ते चार दिवस पडून राहिले, की व्यापारी भाव पाडतो. २००४ साली ग्रीनिंग नावाचा रोग तिथल्या बागांत आढळला आणि तेव्हापासून तेथील बागाईतदारही हवालदिल आहेत, असे वाचून आम्हाला उगीचच भाऊबंदांची खबर मिळाल्यासारखे वाटले. फळगळीने रात्रीची झोप उडालेला माणूस पोर्तुगीज बोलत असला, तरी त्याचे दुःख आम्हाला दुभाष्यावाचून कळेल.

हे सारे जुळत आले असता कन्येचा दूरध्वनी आला. तिच्याकडे सकाळ होती. आपल्याहून त्यांचे घड्याळ साडेआठ तास मागे. ‘बाबा, दोन्ही तिकिटे मी काढते, तुम्ही फक्त तारखा कळवा,’ असे ती म्हणाली. ‘पाहू’ एवढेच आम्ही बोललो. मुलीच्या घरचे पाणीही पिऊ नये, अशा समजुतीत आम्ही वाढलो. वहीत ‘कन्येकडून’ असा रकाना आखला आणि आठ दिवस तो कोराच ठेवला. सौभाग्यवती त्या आठ दिवसांत त्या रकान्याविषयी एक शब्द बोलल्या नाहीत. डिंक मात्र निवडत राहिल्या.

शेवटी आमच्या मातोश्रींनी, वय वर्षे ब्याऐंशी, विषय काढला. ‘पोरगा असता अन् त्यानं तिकीट धाडलं असतं, त घेतलं असतं ना बापा? मंग पोरीनं काय पाप केलं? तिले शिकवलं त तूच.’ मातोश्रींनी स्वतः चौथीपर्यंतही शाळा पाहिलेली नाही. एम.ए.ला आम्ही संतवाङ्मय घेतले होते, पण त्या प्रश्नाला जोगे उत्तर आमच्यापाशी निघाले नाही.

रात्री आम्ही उभयतांनी पुन्हा वही उघडली. सौभाग्यवतींचे तिकीट कन्येचे. आमचे आमच्या संत्र्यांचे. खर्च २,२५,००० वर उतरला. बागेचे १,८०,००० आणि शिलकीतले ४५,००० एवढ्यात तो भागतो. अग्रिमाचा अर्ज फाडला. ‘अहो, तुमचेही तिकीट तिला काढू दिले असते, तर काय बिघडले असते?’ असे सौभाग्यवतींनी विचारले. बिघडले काहीच नसते. पण तेवढा अर्धा रिवाज आमच्या अंगात अजून शिल्लक आहे, आणि तो ठेवण्यास कन्येनेही हसत संमती दिली.

सौभाग्यवती एप्रिलच्या मध्यावर निघतील; पर्यटक म्हणून नव्वद दिवस राहता येते, त्यात सव्वा महिना सहज बसतो. आम्ही मेच्या सुटीत तीन आठवडे जाऊ. शासकीय सेवकाला त्यासाठीही अगोदर अनुमती घ्यावी लागते, तो अर्ज हिंदीतून भोपाळच्या वाटेने गेला आहे. नातवंड तेथे जन्मले, की त्या देशाच्या कायद्याने जन्मतःच ब्राझीलचे नागरिक होईल. भारतीय नागरिकत्वासाठी वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत नोंद करावी लागेल. हे ऐकून मातोश्री मुळीच दचकल्या नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांच्या माहेरची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि २०२३ साली सासरचा जिल्हा छिंदवाड्याहून पांढुर्ण्याला आला. घर एकदाही हलले नाही आणि घरातली मराठीही.

मे महिन्यात त्या धाकट्या बंधूंकडे सौंसरला राहतील. त्यांना काळजी आहे ती सामानाची. एका बॅगेस तेवीस किलोंची मर्यादा, शिवाय दूधदुभते आणि बीबियाणे यांविषयी ब्राझीलचे नियम कडक. म्हणजे तुपातले लाडू आणि अळीव दोन्ही अडचणीत. साजूक तूप तिथे मिळते काय, हे कन्येला विचारून कळवावे, असा त्यांचा हुकूम आहे. आज संध्याकाळी तिच्याकडे सकाळ झाली, की विचारणार आहोत.