कपड्यांची पाटी

मे महिन्याच्या अखेरीस मुंब्र्याहून आम्ही लहान-मोठे अकरा जण निघालो. महाडहून फुफी आल्या होत्या आणि मुलांनी वॉटर पार्कचा धोशा लावला होता. घोडबंदर रस्त्याने वसई-विरारच्या पट्ट्यात पोहोचायला दोन तास लागले. १९९८ साली गोराईला वॉटर किंगडम सुरू झाले, तेव्हा मुंबईकरांना या प्रकाराचे अप्रूप होते. आता अशा सहलीचे कोणालाच नवल वाटत नाही.

तिकिटे काढून आत वळलो आणि मग पाटी दिसली. पाण्यात फक्त नायलॉनचे किंवा लायक्राचे कपडे. साडी, सलवार-कमीज, जीन्स चालणार नाही. पुरुषांना टी-शर्ट आणि हाफ पँट सक्तीची.

आमच्या सोळा वर्षांच्या भाचीने पूर्ण बाह्यांचा, डोक्यावर टोपी असलेला लायक्राचा पोशाख आणला होता. गेटवरच्या मुलीने कापड चिमटीत धरून पाहिले, साहेबांना बोलावले, मग सोडले. फुफींची सलवार सुती होती. भाड्याच्या कपड्यांच्या खिडकीवर होते ते सगळे बिनबाह्यांचे, गुडघ्यापर्यंतचे. फुफी म्हणाल्या, "मी काठावर बसते गं, तुम्ही जा."

आम्हाला राग आला होता, पण तिथल्या एका वयस्कर कामगाराने समजावून सांगितले. सुती कापड पाणी पिऊन जड होते, पोहता न येणाऱ्याला खाली ओढते. त्याचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात. चेन आणि धातूची बटणे घसरगुंडीच्या फायबरला ओरखडे पाडतात आणि मागून येणाऱ्याच्या अंगाला ते ओरखडे लागतात. कारण पटले. तक्रार एवढीच उरली, की हे तिकिटाच्या खिडकीवर लिहायला हवे होते, खिडकीच्या पलीकडे नव्हे.

आत गेलो तर लाटांच्या तलावात निम्मे तरुण उघड्या अंगाने. पाटीवरचा टी-शर्ट कोणाच्या अंगावर नव्हता आणि शिट्टीवाला दुसरीकडे पाहत होता. बायका-मुली एका कोपऱ्यात दाटीने उभ्या. आम्ही साहेबांना विचारले. ते हसून म्हणाले, "अंगात कापडच नाही, तर फिल्टरमध्ये धागा कसा जाईल?"

"मग पाटीवर टी-शर्ट कशाला लिहिलाय?"

त्यावर त्यांनी भोंग्यावरून एकदा सूचना दिली. तीन-चार जणांनी कपडे चढवले, बाकीचे हसले.

तेवढ्यात आमचाच पुतण्या टी-शर्ट खांद्यावर टाकून समोरून आला. फुफींनी त्याला जवळ बसवले. "बाबा, तुझ्या बहिणीच्या अंगभर कपड्याची गेटवर चौकशी झाली. तुझ्या उघड्या अंगाची कोणी केली नाही. तुझी तूच कर." पोराने मान खाली घालून टी-शर्ट चढवला.

पुरुषाचे सतर बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, हे आपण मुलांना शिकवतो. उघडी छाती त्यात येत नाही, हेही खरे. पण हया फक्त सतराच्या मापाने मोजायची नसते. आणि माप काढायचेच तर आमच्यातल्या दोन बाप्यांच्या हाफ पँटी गुडघ्याच्या चांगल्या वर होत्या, ते कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. सूरह नूरमध्ये नजर झुकवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, मग स्त्रियांना. घरात मात्र आपण दुसऱ्या आयतीपासून सुरुवात करतो.

हा प्रश्न आपल्याकडचाच नाही. भाचीच्या अंगावर होता तसा पोशाख २००४ साली ऑस्ट्रेलियात अहेदा झनेट्टी यांनी तयार केला. फ्रान्समध्ये २०२२ साली ग्रेनोबल शहराने आपल्या तलावांत त्याला परवानगी दिली, तर तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती रोखली. त्याच देशात अनेक तलावांत पुरुषांनाही सैल चड्डी चालत नाही, घट्टच लागते. उलट अमेरिकेत डिस्नेच्या थीम पार्कमध्ये शर्ट आणि पादत्राणांशिवाय फिरता येत नाही. म्हणजे नियम कोणताही करता येतो. तो दोघांना सारखा लागू होतो का, हे पाहायचे.

वाचक भगिनींनो, सुट्टीत जाणार असाल तर आधी फोन करून कापडाचा नियम विचारा. लायक्राचे अंगभर कपडे बाजारात मिळतात, ते घरूनच न्या. मुलांच्या पँटी गुडघ्याखालच्या घ्या. आणि पाटीवरचा नियम पुरुषांकडून पाळला जात नसेल, तर शांतपणे पण नक्की बोला. आमच्या बोलण्याने तीन-चार जणांनी तरी ऐकले.

जोहरची नमाज कपड्यांच्या खिडकीमागे झाली. तिथल्या बाईंनी स्वतःहून धुतलेली चादर अंथरून दिली.

परतताना घोडबंदरला गाडी अडकली. मुले झोपली होती. फुफी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या, मग हळूच म्हणाल्या, "त्या पोरीच्या कपड्यासारखा माझ्या मापाचा मिळतो का गं? पुढच्या वर्षी मी काठावर बसणार नाही."