रोजचीच एकादशी

पुण्यात खायला काय मिळत नाही? सगळं मिळतं! फक्त गहू वगळून शोधायला निघालं, की हेच शहर एकदम वेगळं दिसायला लागतं. गिरणीपासून सिंहगडापर्यंतची एक 'ग्लूटेन-फ्री' भटकंती.

"कशावर टाकू?"

पेठेतल्या कुठल्याही पिठाच्या गिरणीत दहा मिनिटं उभे राहा, हा प्रश्न कानावर पडणारच. आधीच्या धान्याचं थोडं पीठ जात्यात उरतं आणि पुढच्या दळणात उतरतं. म्हणून पुणेरी काकू ठणकावून सांगतात, "बाजरीवर नको हं, गव्हावर टाका!" लहानपणी आईबरोबर जायचे तेव्हा मला ही उगाचची कटकट वाटायची. आज त्याच गिरणीत पाच किलो ज्वारी घेऊन उभी असताना माझ्याकडे मात्र या प्रश्नाला उत्तर नव्हतं. कारण मला गव्हावर काहीच चालत नाही.

मला सीलिॲक डिसीज आहे. म्हणजे काय, तर गहू, जव आणि राय यांच्यातलं ग्लूटेन पोटात गेलं, की माझं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याचं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. दोन वर्षं मी हिंजवडीच्या बसमध्ये डुलक्या काढत होते. लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन जागचं हलेना. "ऑफिसचं टेन्शन असेल," असं सगळ्यांचं निदान! शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी टेस्ट आणि मग एंडोस्कोपी करून बायॉप्सी केली, तेव्हा खरा फंडा कळला. यावर औषध नाही. पथ्य हाच उपाय, तोही जन्मभर आणि शंभर टक्के. "एखादी पोळी चालेल ना?" या आईच्या प्रश्नावर डॉक्टर नुसतं "नाही" म्हणाले. घरी येताना रिक्षात आई गप्प होती. मग एकदम म्हणाली, "मग तुला डब्यात देऊ काय?"

जात्यातलं राजकारण

उत्तर सोपं वाटलं होतं. आपण ज्वारी-बाजरीच्या मुलखातले, भाकरी खाऊ! २०२३ हे तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा यांपैकी कशातच ग्लूटेन नाही. पण गिरणी एकच, आणि तिथे दिवसभर गहू दळला जातो. 'ग्लूटेन-फ्री' म्हणायला एका किलोत जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लूटेन चालतं. जात्यात उरलेल्या गव्हाच्या पिठापुढे हा आकडा किती टिकणार?

गिरणीत कोपऱ्यात एक वेगळी चक्की होती, फक्त उपवासाच्या दळणाची. माझे डोळे चमकले. "काका, यात माझी ज्वारी?"

"उपवासाच्या चक्कीत ज्वारी? अहो ताई, भगर दळायला येणारी मंडळी मला उभा जाळतील!"

त्यांचंही बरोबरच होतं. शेवटी बोनसमधून घरघंटी घेतली. आठवड्याभरात शेजारच्या काकू डबा घेऊन हजर. "दोनच किलो गहू आहे गं, दळून देतेस?" त्यांनी माझी दहावीपर्यंत वेणी घातलीय. त्यांना "नाही" म्हणणं मला एंडोस्कोपीपेक्षा अवघड गेलं. काकू रुसल्या, पण दिवाळीत चकलीची भाजणी करायची ठरली तेव्हा स्वतःच आल्या. "भाजणीत गहू नाही हं, विचारून आलेय," म्हणाल्या.

हिंग, सॉस आणि इतर व्हिलन

आता लक्ष्मी रोडला या. पूर्वी इथे मी खरेदीला पंधरा मिनिटं लावायचे, आता किराणा दुकानात पाऊण तास लागतो. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचणारी मुलगी बघून दुकानदाराला आधी वाटलं, मी इन्स्पेक्टर आहे! सगळ्यात मोठा धक्का हिंगाचा. डबीतला हिंग म्हणजे नुसता हिंग नसतो. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं निघतं. म्हणजे आमटी, भाजी, चिवडा, ताकसुद्धा संशयित! तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, पण शोधावा लागतो. सोया सॉसमध्येही सहसा गहू असतो, म्हणून चायनीजच्या गाड्यावर भात असूनही माझी वाट लागते.

डोसा मागवला तर पिठात रवा आहे का, हे विचारायचं. सांबारात हिंग. बटाटेवड्याला वरून बेसन, पण कढई समोशाचीच. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू. आणि कॅम्पातून जाताना श्रूजबेरी बिस्किटांचा वास आला, की सरळ पलीकडचा फुटपाथ धरायचा.

मग खायचं काय? पुण्यात याचं उत्तर फळ्यावर लिहिलेलं असतं: 'उपवासाचे पदार्थ मिळतील'. साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू. यात गहू नाही आणि हिंगही नाही. तळलेलं नको, साबुदाणावड्याची कढई कुणाची हे विचारल्याशिवाय तर नाहीच. वेटर आता मला बघून हसतो. "ताई, आज पण एकादशी?" माझी रोजचीच एकादशी आहे, दादा!

ऑफिसात मात्र हसू येत नाही. कुणाचा तरी बर्थडे, केक कापला जातो आणि मी टाळ्या वाजवते. "डाएटवर आहेस?" "एवढ्याशानं काय होतंय?" एका टीम लंचला खरंच एवढंसं खाल्लं, कुणाला वाईट वाटू नये म्हणून. पुढचे दोन दिवस सुट्टी टाकावी लागली. तेव्हापासून मी जेवणाची आमंत्रणं टाळायला लागले. खरं सांगू? भुकेपेक्षा हे जास्त लागतं.

गडावरची मावशी

२०२२ च्या पावसाळ्यात टीमची सिंहगडाची ट्रिप ठरली. मी नेहमीप्रमाणे कारण शोधत होते. आईनं कारण विचारलं नाही. सॅकमध्ये दोन डबे भरले: घरघंटीवरचं ज्वारीचं पीठ आणि घरीच दळलेलं बेसन. "विचारून तर बघ," एवढंच म्हणाली.

धुकं, चिखल, चुलीचा धूर. पिठलं-भाकरी करणाऱ्या मावशींसमोर मी माझी रेकॉर्ड लावली. गव्हाचं काही लागतं का? पीठ कुठे दळता? पायथ्याच्या गावात, सगळ्यांच्याच गिरणीत. पिठल्यात हिंग घालता?

"लसूण असल्यावर हिंग कशाला?" मावशी म्हणाल्या.

मी डबे पुढे केले आणि अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवलं. परात धुतली, तवा घासून घेतला, हात धुतले. "सासूला दात नाहीत, तिचं वेगळं. दिराला साखर, त्याचं वेगळं. तुझं आणखी एक. त्यात काय एवढं?"

भाकरी टम्म फुगली. सोबत पिठलं, ठेचा आणि मडक्यातलं दही. टीममधला एक जण म्हणाला, "हिचं पिठलं जास्त भारी दिसतंय, आम्हालाही हेच द्या!" दोन वर्षांत पहिल्यांदाच मी सगळ्यांबरोबर एकाच वेळी जेवायला बसले होते. पैसे देताना मावशींनी निम्मेच घेतले. पीठ माझं होतं ना!

उतरताना आईला फोन केला. "जेवलीस?" तिनं विचारलं.

"दोन भाकरी," मी म्हटलं. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. रेंज गेली असेल.

पर्समध्ये ठेवा

• शंका असेल तर आधी टेस्ट, मग पथ्य. गहू आधीच सोडला तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

• रवा, मैदा, शेवया, कुरडया, दलिया हे सगळे गव्हाचेच भाऊबंद.

• बिअर जवाची असते. गोव्याला गेलात तर काजूची फेणी आहेच!

• घरात तवा आणि पोळपाट वेगळे ठेवा.

• मित्राला सीलिॲक असेल तर "एवढ्याशानं काय होतंय" म्हणू नका. "तुला काय चालतं?" एवढंच विचारा.